चाळिशीत वैमानिक होता येते काय? एक व्यापारी हिशेब

आखातात दहा-पंधरा वर्षे काढून गावी परतलेला, गाठीला थोडी शिल्लक असलेला आणि वयाने चाळिशीच्या उंबरठ्यावर उभा असलेला माणूस रत्नागिरी, राजापूर, दापोलीकडे घरोघरी सापडेल. कोणी मिरकरवाड्यात ट्रॉलरमध्ये भागी धरतो, कोणी बाजारपेठेत दुकान टाकतो, कोणी आंब्याच्या बागा कराराने घेतो. अलीकडे अशांपैकी काहीजण निराळाच प्रश्न विचारू लागले आहेत. विमान कंपन्या शेकड्यांनी विमाने मागवीत आहेत, मग या वयात वैमानिकाचा परवाना काढून नवी सुरुवात का करू नये? प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मात्र यात घालावी लागणारी रक्कम चांगल्या चालत्या दुकानाच्या भांडवलाहून मोठी आहे, म्हणून धंदा तपासावा तसा हा बेत तपासला पाहिजे.

प्रथम कायदा पाहू. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान वय 18 वर्षे लागते. शिकायला सुरुवात करण्यास वरची मर्यादा नाही. मर्यादा दुसऱ्या टोकाला आहे. प्रवासी विमान कंपनीत वैमानिकाला 65 वर्षांपर्यंतच उडता येते, आणि साठीनंतर एकट्याने नव्हे, जोडीला दुसरा वैमानिक असावाच लागतो. म्हणजे 38 व्या वर्षी शिकायला लागलेला माणूस शिक्षण व नोकरीचा शोध यांत चार वर्षे गेली असे धरले तर 42 व्या वर्षी कामाला लागेल, आणि त्याच्या हाती 23 वर्षे राहतील. 48 व्या वर्षी सुरुवात करणाऱ्याच्या हाती 13 राहतील. भांडवल दोघांचे सारखेच जाणार, ते वसूल करायला मिळणारी वर्षे मात्र सारखी नाहीत.

कायद्याने दार उघडे असले तरी कंपन्यांचे दार तितके उघडे नसते. नवशिक्यांना घेऊन तयार करण्याच्या ज्या योजना कंपन्या चालवितात, त्यांतील बहुतेकांची वरची मर्यादा तिशीच्या आसपास असते. चाळिशीतल्या नवख्या वैमानिकाला मोठ्या कंपनीच्या दारातून सरळ आत जाणे कठीण. त्याला लहान चार्टर कंपनी, उड्डाण संस्थेत शिक्षकाचे काम अशा आडवाटेने तास जमवीत पुढे जावे लागते. जाहिरातीत ही गोष्ट कोणी सांगत नाही.

चाळिशीनंतर विमान कंपनीत गेलेले लोक नाहीत काय? आहेत, आणि आपल्या महाराष्ट्रातलेच आहेत. कॅप्टन दीपक साठे 1981 मध्ये हवाई दलात दाखल झाले, 2003 मध्ये विंग कमांडर या पदावरून निवृत्त झाले, आणि त्यानंतर एअर इंडियात व पुढे एअर इंडिया एक्सप्रेसमध्ये प्रवासी विमाने चालवू लागले. 7 ऑगस्ट 2020 रोजी दुबईहून आलेल्या विमानाला कोझिकोड येथे झालेल्या अपघातात त्यांचे निधन झाले. त्यांची दुसरी नोकरी चाळिशीनंतर सुरू झाली हे खरे, पण पहिल्या नोकरीतला वीस-बावीस वर्षांचा उड्डाणाचा अनुभव त्यांच्या गाठी होता, हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये त्यांनी चाचणी वैमानिक म्हणूनही काम केले होते. त्यांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला होता. आपल्या दुकानदार भावाला एकेक तास रोख मोजून विकत घ्यावा लागणार. अशी उदाहरणे कोणी पुढे केली तर हा फरक ध्यानात ठेवावा.

आता तास किती? परवान्यासाठी 200 तासांचे उड्डाण लागते, त्यांतले 100 तास स्वतः प्रमुख वैमानिक म्हणून. शिवाय हवाई नियम, दिशाज्ञान, हवामानशास्त्र, विमानाची यांत्रिक माहिती असे पेपर असतात आणि त्यांत 70 टक्के गुण मिळवावे लागतात. रेडिओवर बोलण्याचा परवाना वेगळा काढावा लागतो. बारावीला भौतिकशास्त्र व गणित असावे अशी अट राहत आली आहे. वाणिज्य शाखेतून गेलेल्यांनी हे दोन विषय राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून देण्याची वाट आहे. पैसे भरण्यापूर्वी डीजीसीएचा चालू नियम मात्र स्वतः वाचून घ्यावा.

अभ्यासाचे भय आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाने बाळगू नये असे आम्हांस वाटते. आपल्यातले कितीतरी खलाशी, तांडेल आणि जहाजावरचे अधिकारी याच विद्येवर पोट भरत आले. आकाशातही अंतर सागरी मैलांतच मोजतात, वेग नॉटमध्येच सांगतात, अक्षांश-रेखांश तेच, आणि वारा आडवा लागला की दिशा किती सोडून धरायची हे गणितही तेच. अडचण अभ्यासापेक्षा इंग्रजी बोलण्याची व शरीराची आहे.

शरीराबाबत आमचा आग्रह असा की, संस्थेत एक रुपया भरण्याआधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. प्राथमिक तपासणी दुसऱ्या वर्गाची असते, पण व्यावसायिक परवान्याला पहिल्या वर्गाचे प्रमाणपत्र लागते आणि ते ठरावीक मुदतीने पुन्हा पुन्हा मिळवावे लागते. चष्म्याने फारसे अडत नाही. रंगांधता, कमी ऐकू येणे, वाढलेली साखर, रक्तदाब, हृदयाचा जुना त्रास यांनी अडते. विशीतल्या मुलाला या तपासणीची धास्ती नसते, चाळिशीतल्या माणसाला दर वेळी असते. प्रमाणपत्र थांबले की पगार थांबला.

शिक्षण रत्नागिरीत मिळत नाही. राज्यात बारामती, धुळे, गोंदिया येथे संस्था आहेत. पावसाळ्यात लहान विमानांचे उड्डाण रखडते. होड्या किनाऱ्याला लागतात त्याच दिवसांत तिकडे शिकाऊ वैमानिक खोलीभाडे भरीत आभाळाकडे पाहत बसतो. म्हणून वर्षभरात परवाना देतो असे कोणी म्हटले तर दोन वर्षे धरावीत. फी एकरकमी कधीही भरू नये. जितके तास उडाल तितके पैसे, असा लेखी करार करावा. संस्थेकडे विमाने किती यापेक्षा आज उडणारी किती, शिक्षक किती आणि रांगेत विद्यार्थी किती, हे तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारावे. सगळी फी भरून दीड वर्षात पन्नास तासही न मिळालेली मुले आम्ही पाहिली आहेत.

खर्चाचा अंदाज मांडू. परवान्यापर्यंत 50 लाख धरा. कंपनीत जाण्यासाठी त्या-त्या जातीच्या विमानाचे वेगळे शिक्षण घ्यावे लागते, त्याचे 20 लाख धरा. घरी बायकामुले आहेत, त्यांना दरमहा 40 हजार लागतात असे मानले तरी तीन वर्षांचे 14 लाख 40 हजार होतात. बेरीज 84 लाख 40 हजार. दुकान बंद राहिल्याने बुडालेली कमाई यात धरलेली नाही. 50 लाखांचे कर्ज 11 टक्क्यांनी काढले तर मुद्दल तसेच राहून वर्षाला साडेपाच लाख व्याज. ज्यांना व्याजाचा व्यवहारच नको, त्यांना हे सारे स्वतःच्या शिलकीतून किंवा जमीन विकून उभे करावे लागेल. राहते घर यात घालू नये, एवढे आम्ही स्पष्ट सांगतो.

नोकरीच्या बाजाराची तेजीमंदीही पाहावी. एअर इंडियाने फेब्रुवारी 2023 मध्ये 470 विमानांचा, इंडिगोने त्याच वर्षी जूनमध्ये 500 विमानांचा व्यवहार जाहीर केला. पण याच धंद्यात ईस्ट-वेस्ट 1992 मध्ये सुरू होऊन 1996 मध्ये बंद पडली, किंगफिशर 2012 मध्ये, जेट एअरवेज एप्रिल 2019 मध्ये, गो फर्स्ट मे 2023 मध्ये थांबली. कंपनी बुडते तेव्हा अनुभवी वैमानिक बाजारात येतात आणि कोरा परवाना घेतलेला माणूस रांगेत मागे ढकलला जातो. शिवाय परवाना कपाटात ठेवून चालत नाही, हात चालू ठेवण्यासाठी पदरचे पैसे घालून उडावे लागते.

तेव्हा आमचे मत असे: ज्याचे वय चाळिशीच्या आत आहे, पहिल्या वर्गाचे प्रमाणपत्र हाती आहे, आणि घर-दुकान भाऊ किंवा मुलगा सांभाळत असून गुंतवणूक बुडाली तरी चूल पेटती राहील, त्याने हा विचार जरूर करावा. पंचेचाळिशीपुढच्यांनी करू नये. त्यांना विमानाची हौसच असेल तर खासगी वैमानिकाचा परवाना कमी तासांत मिळतो, पण त्यावर पगार घेता येत नाही.

उड्डाणाच्याच क्षेत्रात कमी भांडवलाचे एक काम मात्र आपल्या कारागिरांनी पाहण्यासारखे आहे. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार ड्रोनचालकाचे प्रमाणपत्र 18 ते 65 वयाच्या दहावी उत्तीर्ण माणसाला मिळू शकते, शिक्षण काही दिवसांचे असते आणि प्रमाणपत्र दहा वर्षे चालते. फवारणीचा ड्रोन काही लाखांत येतो. दुरुस्ती जाणणाऱ्या मोटार मेकॅनिकला किंवा वायरमनला हे यंत्र परके वाटणार नाही. उंच, जुन्या हापूसच्या झाडांवर औषध आतल्या फांद्यांपर्यंत नीट पोचते की नाही, हे एखाद्या बागेत प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय यंत्र घेऊ नये. भातशेती आणि ठेंगण्या, नव्या लागवडीच्या बागा यांत काम सोपे जाते. यंत्र प्रमाणित आणि नोंदणीचे असावे, आणि कोणत्या बागायतदाराचे किती एकर काम मिळेल, हे मोहोर येण्यापूर्वीच ठरवून घ्यावे.