आठ वर्षांचा लॅब्रेडॉर घरी आणावा का?

प्रश्न : आम्ही निवृत्त पतीपत्नी फ्लॅटमध्ये राहतो. निवारा केंद्रातला आठ वर्षांचा लॅब्रेडॉर आम्हाला फार आवडलाय. पण म्हाताऱ्या कुत्र्याला नव्या माणसांचा लळा लागत नाही, असं सगळे म्हणतात. काय करावं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : लळा नक्की लागेल, वय त्याच्या आड येत नाही. सुरुवातीला तो कदाचित कोपरा धरून बसेल, नीट जेवणार नाही. घाई करू नका. पिल्लाची धावपळ मात्र तुम्हाला जड गेली असती.

खरी काळजी सांध्यांची. गुळगुळीत फरशीवर उठताना अशा कुत्र्यांचे मागचे पाय फाकतात. सतरंजी सरकते, म्हणून त्याच्या वाटेवर रबरी मॅट घाला. वजन वाढू देऊ नका. पाय दुखतोय म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन कधीही देऊ नका. कुत्र्यांना ती विषारी ठरू शकतात.

इमारतीला लिफ्ट नसेल, तर नीट विचार करा. तीस किलोचं जनावर उचलून जिना उतरणं तुम्हाला झेपेल का? शंका असेल, तर आधी काही दिवस सांभाळायला मिळेल का, हे केंद्राला विचारा. आणण्यापूर्वी रक्ततपासणी आणि रेबीजच्या लशीची नोंद पाहा, नंतर महापालिकेचा परवाना काढा. सोसायटीची धास्ती नको. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तिला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही.