आधी ओके घे, मग पुढे बोल

तुझा कोड पाहिला. हुकुमांची माळ लावली आहेस, आणि एकाही हुकुमाचं उत्तर वाचलेलं नाहीस. सिमच्या मॉड्यूलशी असं बोलत नाहीत, बाई. आधी नुसतं ‘एटी’ पाठव, एंटर दे आणि ‘ओके’ येतं का बघ. आलं की पुढचा एक हुकूम दे. त्याचं उत्तर आलं की त्याच्या पुढचा.

‘एटी’ला कमी लेखू नकोस. या दोन अक्षरांच्या बिटांवरूनच मोडेम तुझा वेग आणि पॅरिटी ओळखतो. म्हणूनच दोन्ही अक्षरं मोठी हवीत किंवा दोन्ही लहान. एक मोठं आणि एक लहान टाइप केलंस तर जुना मोडेम ढिम्म हलत नाही. ‘ओके’ आलं म्हणजे वीज, वायर, पोर्ट आणि वेग हे सगळं एका फटक्यात तपासून झालं. नाही आलं तर याच क्रमाने संशय घे. मॉड्यूलला उठायलाही वेळ लागतो, म्हणून तीन-चार वेळा ‘एटी’ पाठवून बघ. आणि लिनक्सवर काम करत असशील तर आधी मोडेममॅनेजर बंद कर. तो तुझ्या नकळत पोर्ट उघडतो, स्वतःच ‘एटी’ विचारत बसतो, आणि त्याला आलेली उत्तरं तुला तुझी वाटतात.

ही भाषा तुझ्या मॉड्यूलसाठी कोणी तयार केलेली नाही. डेनिस हेझ आणि डेल हेदरिंग्टन यांनी १९८१ साली अमेरिकेत स्मार्टमोडेम काढला, सेकंदाला ३०० बिटांचा, तेव्हापासूनची ती आहे. त्याआधी बहुतेक ठिकाणी नंबर हाताने फिरवायचा आणि रिसिव्हर रबरी कपांच्या खोबणीत दाबून बसवायचा. हेझची कंपनी नव्वदीच्या अखेरीस बुडाली. तिचे हुकूम मात्र मोबाइलच्या मानकात जाऊन बसले.

आमच्या बँकेच्या ईडीपी, म्हणजे संगणक, विभागात आधी शाखांच्या फ्लॉप्या एसटीने यायच्या. मोडेम आले तशी संध्याकाळी दिवसभराच्या व्यवहारांची फाइल फोनवरून यायला लागली. शाखेत लाइन एकच. त्यामुळे काही अडलं की तिथल्या क्लार्कला फोनवर हुकूम उतरवून घ्यायला लावायचा, फोन ठेवायला सांगायचा, मग तो टाइप करणार आणि काय उत्तर आलं ते पुन्हा फोन करून सांगणार. ‘अँड म्हणजे सातच्या आकड्यावरची खूण, शिफ्ट दाबून’ हे वाक्य मी झोपेतही म्हणत असेन. या पद्धतीचा फायदा असा की एका खेपेला एकच गोष्ट बदलली जायची. तुला ते कंटाळवाणं वाटेल. पण चार गोष्टी एकदम बदलून मोडेम चालू लागला, तर कशाने चालला हे कधीच कळत नाही.

मोडेम काम करतोय पण पडद्यावर काहीच उमटत नाही, असं झालं तर डोळे मिटून ‘एटीई१क्यू०व्ही१’ टाइप करायचं. ई१ म्हणजे मी लिहिलेलं मला परत दाखव. क्यू० म्हणजे मौन सोड. व्ही१ म्हणजे आकड्यांत बोलू नको, शब्दांत बोल. प्रत्येक अक्षर दोनदा उमटत असेल तर टर्मिनलची स्वतःची इको चालू आहे, ती बंद कर. हाताने टाइप करताना ई१ असू दे. कोड लिहिशील तेव्हा ई० कर, नाहीतर स्वतःचेच हुकूम उत्तर समजून वाचत बसशील.

दुसऱ्याकडून आयती मिळालेली लांबलचक इनिट स्ट्रिंग, म्हणजे सुरुवातीच्या हुकुमांची ओळ, कधी चिकटवू नकोस. त्या काळी लोक या स्ट्रिंगा पाककृतीसारख्या एकमेकांना द्यायचे. एकाच्या मोडेमवर झकास चाललेली दुसऱ्याच्या मोडेमवर ‘एरर’ द्यायची, कारण साधी अक्षरं सगळीकडे सारखी असली तरी अँडच्या पुढची अक्षरं प्रत्येक कंपनीने आपापल्या मर्जीने वापरली. हार्डवेअर फ्लो कंट्रोल चालू करायला रॉकवेलच्या चिपवर ‘&के३’, तर यूएस रोबोटिक्सवर ‘&एच१&आर२’. म्हणून सुरुवात ‘एटी&एफ’ने करायची, म्हणजे कारखान्यातून आला तसा मोडेम हाती येतो. मग पुस्तक उघडून लागेल तेवढंच बदलायचं आणि ‘एटी&डब्ल्यू’ने साठवायचं. पुढच्या वेळी ‘एटीझेड’ दिलं की साठवलेलं परत येतं. झेडच्या पुढे त्याच ओळीत काही लिहू नकोस, ते वाचलंच जात नाही. डी हे अक्षर नेहमी ओळीच्या शेवटी हवं, कारण त्याच्यापुढचं सगळं मोडेम फोन नंबर म्हणून वाचतो. आणि मूळ हेझच्या मोडेमात एका ओळीला ४० अक्षरांचीच जागा होती, तेव्हा आखूड लिहायची सवय बरी.

नंबर लावणं हा खरा किचकट भाग. जुन्या एक्स्चेंजला टोन कळायचा नाही, तिथे ‘एटीडीपी’. मोडेममधला रिले तडतडत नंबर मोजायचा. नव्या एक्स्चेंजला ‘एटीडीटी’. ऑफिसात ईपीएबीएक्स, म्हणजे आतल्या फोनांचं छोटं एक्स्चेंज, असेल तर आधी शून्य, मग स्वल्पविराम, मग नंबर. एक स्वल्पविराम म्हणजे दोन सेकंदांची उसंत. कमी पडली तर दोन स्वल्पविराम दे, किंवा एस८ वाढव. एस आणि पुढे आकडा म्हणजे मोडेमच्या आतली एकेक नोंद, तिची किंमत आपण बदलू शकतो.

आयात केलेल्या मोडेमांचा एक ठरलेला रोग होता. रिसिव्हर कानाला लावला की डायलटोन खणखणीत, आणि मोडेम म्हणणार ‘नो डायलटोन’. त्यात त्याचा दोष नाही. अमेरिकेची डायलटोन ३५० आणि ४४० हर्ट्झ एकत्र मिसळून केलेली. आपल्याकडची ४०० हर्ट्झची, २५ हर्ट्झने थरथरवलेली. तिकडच्या सुरावर बेतलेला मोडेम इकडचा सूर ओळखतोच असं नाही. त्यावर ‘एटीएक्स३’. म्हणजे डायलटोनची वाट पाहू नको, आंधळा नंबर लाव, पण बिझी मात्र ओळख. बिझीचाही घोटाळा होत असेल तर ‘एक्स१’. आंधळा लावताना मोडेम आधी दोनच सेकंद थांबतो. खेड्यातल्या एक्स्चेंजला तेवढ्यात जाग यायची नाही, म्हणून ‘एस६=५’. हे उत्तर तालुक्याच्या शाखांना मी इतक्यांदा दिलंय की काही शाखांनी मोडेमवरच कागद डकवला होता.

स्पीकर बंद करायचा मोह होतो, तो करू नये. ‘एटीएम१एल१’ म्हणजे कॅरिअर, समोरच्या मोडेमचा सूर, लागेपर्यंत बारीक आवाज. मोडेमची उत्तरं मोजकी असतात, त्यांत सगळं मावत नाही. या मार्गावरच्या सगळ्या लाइनी व्यस्त आहेत असं टेलिफोनवाली बाई सांगत असते, आणि मोडेम बापडा पन्नास सेकंद तिची सूचना ऐकून शेवटी ‘नो कॅरिअर’ म्हणतो. समोर चुकून घरगुती नंबर लागला तर कोणीतरी ‘हॅलो, हॅलो’ करतं, तेही ‘नो कॅरिअर’च. कान उघडा असेल तर पहिल्या पाच सेकंदांत कळतं. आणि नंबर लागत असताना कीबोर्डला हात लावायचा नाही. कुठलंही बटण दाबलं की मोडेम समजतो, नको झाला फोन, आणि ठेवून देतो. उतावळ्या माणसांचे निम्मे ‘नो कॅरिअर’ यातले.

लागलेली लाइन मध्येच तुटत असेल तर मोडेमकडे बघण्याआधी घरात किंवा ऑफिसात समांतर फोन आहे का ते शोध. कोणी तो उचलला की खेळ खलास. कॉल वेटिंगची टिकटिकही तेच करते. लाइनवर क्षणभराचा खंड पडत असेल तर एस१० वाढव. ते सेकंदाच्या दशांशात मोजतात, बहुतेक मोडेमांवर १४ असतं, ५० कर. एस७ म्हणजे समोरच्या कॅरिअरची वाट किती सेकंद पाहायची. एसटीडीला ते ५० पुरायचं नाही, आम्ही ९० ठेवायचो.

एस० मात्र जपून. मुख्य कचेरीच्या मोडेमवर ‘एस०=१’, म्हणजे एका घंटीत फोन उचल. शाखेत ‘एस०=०’च हवं, नाहीतर खातेदाराचा फोन मोडेम उचलतो आणि त्याच्या कानात किंचाळतो.

हेझच्या मोडेमात हुकूम आणि मजकूर एकाच वायरीतून जातात. मग फोन चालू असताना मोडेमशी बोलायचं कसं? तीन अधिक चिन्हं, ‘+++’. पण त्याआधी एक सेकंद काही पाठवायचं नाही, नंतर एक सेकंद काही पाठवायचं नाही, आणि एंटरही दाबायचं नाही. ‘ओके’ आलं की ‘एटीएच’ने फोन ठेव, किंवा ‘एटीओ’ने परत मजकुरात जा. या एका सेकंदाच्या शांततेचं पेटंट हेझकडे होतं. त्या पेटंटचे पैसे वाचवायला काही कंपन्यांनी शांतता गाळली. परिणाम असा की फाइलमध्येच कुठे ‘+++एटीएच’ आणि पुढे एंटर आलं, की मोडेम इमानेइतबारे फोन ठेवून द्यायचा. पुढे इंटरनेटवरच्या टवाळांनी याचाच वापर करून दुसऱ्यांची कनेक्शनं तोडली. मोडेम तसा असेल तर ‘एस२=२५५’ कर; सुटकेचं अक्षरच रद्द होतं. मग फोन ठेवायचा तो ‘संगणक तयार आहे’ असं मोडेमला सांगणारी डीटीआरची तार खाली करून, त्यासाठी ‘&डी२’. ते असंही हवंच. प्रोग्राम कोसळला तरी लाइन सुटते, रात्रभर एसटीडीचं मीटर पळत नाही.

आता तुझ्या शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरकडे ये. ‘एटी’ला ‘ओके’ येतं आणि नेटवर्क शोधायला लागलं की मॉड्यूल मरतं, म्हणतेस. ते हुकुमांचं दुखणं नाही, विजेचं आहे. ‘ओके’ म्हणण्यापुरती वीज पुरते, पण टूजीचं मॉड्यूल प्रक्षेपण करताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत ओढतं. बारीक वायर आणि लॅपटॉपच्या यूएसबीचा पुरवठा तिथे टिकत नाही. चार व्होल्टचा दमदार पुरवठा दे, आणि मोठा कपॅसिटर मॉड्यूलच्या अगदी पायाशी लाव.

मग क्रमाने विचार. ‘एटी+सीएमईई=२’ सगळ्यात आधी, म्हणजे नुसतं ‘एरर’ न म्हणता कारण सांगेल. ‘एटी+सीपीआयएन?’ला ‘रेडी’ यायला हवं. ‘एटी+सीएसक्यू’ला पहिला आकडा ० ते ३१ मधला येतो, दहाच्या खाली असेल तर अँटेना स्टार्टरच्या लोखंडी पेटीबाहेर काढ, ९९ आला तर सिग्नल कळलेलाच नाही. ‘एटी+सीआरईजी?’मध्ये दुसरा आकडा १ किंवा ५ झाला की नोंदणी झाली. २ वरच अडकला असेल तर सिम कुठल्या कंपनीचं ते बघ. तुझं मॉड्यूल फक्त टूजीचं आहे, आणि जिओचं टूजी नाहीच. कितीही ‘एटी’ केलंस तरी व्यर्थ.

शेतकऱ्याला संदेश मराठीत पाठवायचा हट्ट सोडू नकोस, थोडी खटपट लागेल एवढंच. ‘एटी+सीएमजीएफ=१’, ‘एटी+सीएससीएस="यूसीएस२"’, आणि ‘एटी+सीएसएमपी=१७,१६७,०,८’; शेवटच्या ८ने देवनागरी चालते. मजकूर हेक्समध्ये द्यायचा: ‘पंप’ म्हणजे ०९२ए, ०९०२, ०९२ए. फोन नंबरही तसाच लिहावा लागतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. शेवटी कंट्रोल-झेड. एका संदेशात १६०ऐवजी ७०च अक्षरं मावतात, आणि काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात. ‘लाइट आली, मोटार चालू’ एवढं पुरे, नमस्कार-चमत्कार नकोत.

मोटार सुरू करायला मात्र एसएमएस ठेवू नकोस, मिस्ड कॉल ठेव. ‘एटी+सीएलआयपी=१’ केलंस की ‘रिंग’च्या पाठोपाठ नंबर येतो. तो यादीतला आहे का ते ताड, आणि ‘एटीएच’. शेतकऱ्याचा पैसा जात नाही, रात्री अंधारात टाइप करावं लागत नाही.

येणारे संदेश मात्र सिमवर साठत जातात. कंपन्यांच्या जाहिराती, रिचार्जच्या आठवणी, सगळं. जागा भरली की नवीन संदेश येणं थांबतं, आणि स्टार्टर बिघडला म्हणून तुला बोलावणं येतं. ‘एटी+सीपीएमएस?’ विचारलंस की किती भरलंय ते कळेल. रोज एकदा, मोटार बंद असताना, ‘एटी+सीएमजीडी=१,४’ देऊन सगळं पुसायचं कोडमध्येच घाल. ते पुसायला काही सेकंद लागतात, तेव्हा त्यालाही ‘ओके’ येईपर्यंत थांब.