परक्याला वाचता येईल अशी बॅग

सातारा,
रविवार, रात्री

चि. छकुली हिस,


काल फोनवर तू म्हणालीस, "मावशी, नेम चुकायची भीती नाही गं वाटत, विमानतळाची वाटते." तेव्हा माझ्याकडे शिकणारी पोरं बाण काढायला निघाली होती आणि माझं लक्ष त्यांच्याकडे होतं, म्हणून तुला नुसतं "होईल गं सगळं नीट" म्हणून टाकलं. नंतर मनाला लागून राहिलं. संघ रेल्वेने आधीच निघणार, तुझी प्रॅक्टिकलची परीक्षा मध्ये आल्यामुळे तू एकटी पुण्याहून दिल्लीला विमानाने आणि तिथून सोनीपतला निवड चाचणीला. पहिलाच विमानप्रवास, सोबत कोणी नाही, आणि हातात अशी पेटी की आत धनुष्यबाण आहेत म्हटल्यावर समोरचा सावध होतो. भीती वाटणारच. म्हणून आज निवांत बसून लिहिते आहे.

एक गोष्ट आधी समजून घे. क्ष-किरण यंत्रापुढे बसलेल्या माणसाने रिकर्व्ह धनुष्य जवळून कधीच पाहिलेलं नसेल, असं धरूनच चालायचं. त्याला तुझी पेटी दिसत नाही, तिचं रंगीत चित्र दिसतं. कापड, कागद, लाकूड, खाण्याचे पदार्थ, म्हणजे जे जे सेंद्रिय ते केशरी. लोखंड, पोलाद, पितळ निळं. अ‍ॅल्युमिनियमसारखे हलके धातू आणि मिसळलेल्या वस्तू हिरवट. आता त्याच्या डोळ्यांनी तुझी पेटी बघ. रायझर अ‍ॅल्युमिनियमचा, मधोमध मुठीचा आकार. स्टॅबिलायझर म्हणजे लांब पोकळ नळी, टोकाला धातूची वजनं. साइट म्हणजे दात्यांची पट्टी आणि पुढे एक कडं. बाणांचे कार्बनचे दांडे फिकट, पण त्यांच्या टोकांची गडद रांग. मूठ, नळी, नेम धरायचं कडं, टोकदार पोलाद. हे सगळं एकावर एक पडलेलं असेल तर त्याने काय समजावं? पेटी थांबवणं हे त्याचं कामच आहे, आणि त्याने ते करावं असंच मला वाटतं. त्याच विमानात तूही बसणार आहेस.

म्हणून पेटी भरताना आपल्याला काय सोयीचं आहे ते बघू नकोस, त्याला काय कळेल ते बघ. रायझर एका बाजूला, लिंब त्यांच्या पिशव्यांत दुसऱ्या बाजूला, बाण त्यांच्या नळीत, नळीचं झाकण चिकटपट्टीने बंद. अ‍ॅलन की, नॉक, जादा प्लंजर, स्ट्रिंगर हे सगळं एका पारदर्शक डब्यात. एका वस्तूवर दुसरी येऊ द्यायची नाही. मध्ये टॉवेल चालेल, पण स्वेटरच्या घडीत साइट गुंडाळून ठेवायची तुझी सवय मी पाहिली आहे, ती या वेळी नको. सगळ्यात वर एक कागद ठेव, हिंदीत आणि इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत: तिरंदाजीचं क्रीडासाहित्य, आत काय काय आहे त्याची यादी, तुझं नाव आणि फोन नंबर. सोबत तुझा एक फोटो, मैदानावर जोडलेलं धनुष्य ओढून उभी असलेली. फोटो पाहिला की त्या नळ्या-कड्यांचा अर्थ लागतो. मी माझ्याकडच्या पोरांच्या पेट्यांत हा फोटो ठेवायला लागल्यापासून पेटी उघडली तरी फार वेळ लागत नाही.

धनुष्यबाण केबिनमध्ये नेता येत नाहीत. क्रिकेटची बॅट, हॉकी स्टिक यांनाही तोच नियम आहे, त्यामुळे तुझ्यावरच अन्याय होतोय असं समजू नकोस. पेटी काउंटरवर द्यायचीच आहे. काउंटरवर विचारलं तर "स्पोर्ट्स इक्विपमेंट, आर्चरी" एवढंच सांग. हत्यार हा शब्द तोंडातून काढू नकोस आणि पुढच्या-मागच्या कोणी चेष्टा केली तर हसूही नकोस. विमानतळावर बॉम्बची थट्टा केली म्हणून माणसं पोलिसांच्या ताब्यात गेली आहेत आणि त्यांची विमानं निघून गेली आहेत.

काय न्यायचं नाही ते सांगते. बाणाची टोकं सैल करायला तू वापरतेस तो गॅसचा छोटा बर्नर आणि लायटर घरीच. पिसं चिकटवायचा गोंद आणि साफ करायचं स्पिरिट पेटणारं असतं, तेही घरीच. सोनीपतला कोणाकडून तरी मिळेल, तिथे जमलेले सगळे आपल्याच जातकुळीचे. दुखण्यावरचा स्प्रे नको, मलमाची ट्यूब ने. पॉवर बँक पेटीत अजिबात नाही, ती हातातल्या बॅगेतच. लिथियमची बॅटरी सामानाच्या कप्प्यात पेटली तर तिथे विझवायला कोणी पोहोचू शकत नाही, केबिनमध्ये निदान दिसते तरी. तुझी 20,000 एमएएचची आहे, ती साधारण 74 वॉट-अवर होते, आणि 100 पर्यंत परवानगीशिवाय चालते. तिच्यावरचे आकडे पुसले गेले असतील तर दुसरी घे, कारण आकडा दिसला नाही तर तुझ्या शब्दावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

आणि आता तुझ्या आईबद्दल. माझी धाकटी बहीण आहे ती, मी तिला ओळखते. ती तुला निघताना देवीचा प्रसाद म्हणून खोबऱ्याची वाटी देणार. सुकं खोबरं विमानात नेऊ देत नाहीत. त्यात तेल इतकं असतं की ते आपोआप तापून पेटू शकतं, म्हणून ते धोकादायक मालाच्या यादीत आहे. तिला हे आत्ताच समजावून सांग. दारात निघताना सांगितलंस तर तिला वाईट वाटेल आणि ती गुपचूप बॅगेत सरकवेल. लाडू घे म्हणावं. कंदी पेढे नेणार असशील संघासाठी, तर खोका हातातल्या बॅगेत वरच ठेव. पेढ्यांचा दाबून भरलेला खोका यंत्रात घट्ट केशरी ठोकळ्यासारखा दिसतो, आणि स्फोटकंही त्याच रंगात येतात. उघडायला सांगितलं तर उघड, पुन्हा दोरा बांध.

पेटी पट्ट्यावरून आत गेली की लगेच पळू नकोस. पुढे तिची तपासणी होते आणि शंका आली तर प्रवाशाला नाव घेऊन बोलावतात. दहा-पंधरा मिनिटं तिथेच आसपास थांब, कान उघडे ठेव, कानात गाणी घालून बसू नकोस. किल्ली तुझ्या खिशात हवी. बोलावलं तर पेटी तूच उघड, तूच वस्तू काढून दाखव, आणि त्यांनी बघून झाल्यावर परत तूच भर. लिंब कसे ठेवायचे हे त्यांना माहीत असण्याचं कारण नाही.

प्रवाशाला इतकं पेटीशी बांधून का ठेवतात, याचं उत्तर मला तुला सांगायचंच आहे. 23 जून 1985 रोजी एअर इंडियाचं कनिष्क विमान आयर्लंडजवळ समुद्रावर फुटलं. 329 माणसं गेली. बॉम्ब एका सुटकेसमध्ये होता, आणि ती सुटकेस ज्याच्या नावावर चढली होती तो माणूस विमानात चढलाच नव्हता. सामान गेलं, धनी मागे राहिला. आपल्याकडे नागरी विमान सुरक्षेचा स्वतंत्र विभाग 1987 मध्ये उभा राहिला तो त्यानंतर. 1999 च्या डिसेंबरात कंदाहारचं अपहरण झालं आणि पुढच्या वर्षापासून विमानतळ सीआयएसएफकडे यायला लागले. तुला तपासणारे जवान त्याच दलाचे. हे डोक्यात असलं की कोणी तीनदा तोच प्रश्न विचारला तरी राग येत नाही, निदान मला येत नाही. आणि म्हणूनच, कोणी कितीही गोड बोलून "एवढं पाकीट दिल्लीत माझ्या भावाला द्या" म्हणालं, ओळखीचं असलं तरी, नाही म्हण. ते पाकीट तुझं होतं, असंच यंत्र सांगणार.

तुझी स्वतःची झडती पडद्याआड होते, महिला जवान घेते. छोट्या चौथऱ्यावर उभं राहून हात आडवे पसरायचे. लाजायचं काही नाही. केसांत कमीत कमी पिना, पट्टा आणि घड्याळ आधीच ट्रेमध्ये, मोबाइल, लॅपटॉप, पॉवर बँक, चार्जर वेगळे. ट्रे आपल्या डोळ्यांसमोर आत गेल्याशिवाय झडतीला पुढे जायचं नाही. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा आहे, खिडकीतून धावपट्टीचे फोटो काढायचे नाहीत. मैत्रिणींना ढगांचे पाठव.

आता हातातल्या बॅगेबद्दल. ही गोष्ट मी फार महागात शिकले. माझ्या उमेदीच्या काळात मी एका राष्ट्रीय स्पर्धेला विमानाने गेले होते. मी उतरले, पेटी उतरली नाही. दुसऱ्या गावी गेली होती, दोन दिवसांनी आली. दुसऱ्या राज्याच्या एका मुलीने मला आपलं जादा धनुष्य दिलं, कोणी बाण दिले, माझ्या ओढीला ते थोडे लांब होते पण चालवून घेता आले. चालला नाही तो टॅब. माझ्या तीन बोटांच्या आकाराने झिजलेला, घामाने काळा पडलेला चामड्याचा तुकडा पेटीत राहिला होता. दुसऱ्याचा टॅब लावून मी उभी राहिले आणि प्रत्येक सुटकेला तार बोटांत अडकत होती. धनुष्य उसनं मिळतं गं, बोटं उसनी मिळत नाहीत. तेव्हापासून माझा टॅब, चेस्टगार्ड आणि वही माझ्या हातातल्या बॅगेत असतात.

तुझंही तसंच असू दे. टॅबच्या पितळी पट्टीमुळे विचारलं तर बोटांत घालून दाखव. वहीत साइटचे आकडे, ब्रेस हाइट, टिलर, प्लंजरचे वेढे, सगळं लिहून ठेव आणि त्या पानाचा फोनवर फोटो काढ. स्पर्धेचा टीशर्ट, बूट आणि स्पॉटिंग स्कोपही हातातच. अ‍ॅलन की मात्र चुकूनही तिथे राहायला नको, काढून घेतील.

वजन घरीच कर. बहुतेक कंपन्या देशातल्या प्रवासाला पेटीसाठी 15 किलो आणि हातातल्या बॅगेसाठी 7 किलो देतात, पण तुझ्या तिकिटावर काय लिहिलंय ते बघ आणि कंपनीच्या हेल्पलाइनला आदल्या आठवड्यात फोन करून क्रीडासाहित्याचं विचार. जास्तीचे पैसे आधी भरले तर कमी पडतात, काउंटरवर भरले तर जास्त. कपडे कमी ने. तीन टीशर्ट पुरतात.

कागदांचा एक फोल्डर कर: आधार कार्ड, तिकीट, निवड चाचणीचं पत्रक, जिल्हा संघटनेचं पत्र, धनुष्याच्या खरेदीची पावती. प्रत्येकाच्या तीन प्रती. 2021 मध्ये नेमबाज मनू भाकर भोपाळला सरावाला निघाली होती, दिल्ली विमानतळावर तिला पिस्तुलांसाठी अडवलं. तिच्याकडे परवानगीचं पत्र होतं, ती देशाला ओळखीची होती, तरी वाद झालाच. तिने ट्विटरवर लिहिलं आणि मंत्र्यांनी लक्ष घातलं. तुझ्यासाठी असं कोणी धावून येणार नाही, तुझ्यासाठी तुझा फोल्डर आहे. कोणी अडवलं तर आवाज चढवू नकोस. पत्र पुढे कर, "मॅडम, तुमच्या वरिष्ठांना भेटता येईल का?" एवढंच विचार, आणि थांब. त्यासाठी वेळ हाताशी हवा, म्हणून उड्डाणाच्या तीन तास आधी पोहोच. साताऱ्याहून निघताना खंबाटकीची आणि पुण्यातली गर्दी धरून वेळ काढ.

मी रागाबद्दल एवढं लिहिते त्याला कारण आहे. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये तिरंदाजांच्या हृदयाचे ठोके पडद्यावर दाखवत होते, तू माझ्याच घरी बसून पाहिलेस. एका ठोक्याच्या फरकाने तार हलते हे तुला माहीत आहे. विमानतळावर भांडून चढवलेले ठोके सोनीपतला उतरेपर्यंत खाली येतात, पण रात्रीची झोप गेलेली असते, आणि पहिल्या 72 बाणांत ते दिसतं. मी भांडलेय, म्हणून सांगते.

दिल्लीत पट्ट्यावरून पेटी घेतलीस की बाहेर पडायच्या आधी तिथेच एका बाजूला उघडून बघ. तडा, पिचलेलं कुलूप, काहीही दिसलं तर त्याच हॉलमध्ये कंपनीच्या काउंटरवर लेखी तक्रार दे आणि प्रत घे. बाहेर पडल्यावर मग ते कोणी ऐकत नाही. तुझ्या बाबांनी या धनुष्यासाठी पतसंस्थेचे हप्ते लावून घेतले आहेत. भरपाईला मर्यादा असते, पूर्ण किंमत मिळत नाही, म्हणून परवा जाऊन विमा करून घ्यायला मी त्यांना सांगणार आहे. तुला हे माहीत असावं म्हणून लिहिलं, ओझं वाटावं म्हणून नाही.

रात्री खोलीवर पोहोचलीस की आधी जेव. मग धनुष्य जोड, लिंबांवर हात फिरवून बघ, एकेक बाण बोटांत फिरवून कानाशी वाकवून ऐक, चरचरला तर बाजूला ठेव. तार चढव, अर्धा तास तशीच राहू दे, आणि मग ब्रेस हाइट मोज. इथे ती पावणेनऊ इंच होती. तिथे किती भरली तो आकडा मला पाठव, कितीही उशीर झाला तरी. मी जागी आहे.

तुझी,
मावशी