बालमधुमेह आणि निद्रा

चरकाचार्यांनी स्वप्नसुख म्हणजे निद्रेचे अतिसुख प्रमेहाच्या हेतूंत गणले आहे. बालरुग्णांत मात्र उलट क्रमही आपण ध्यानात ठेवावा. तेथे मधुमेहच निद्राभंग करतो. रक्तशर्करा वाढली की मूत्रप्रवृत्ती वाढते. बालक रात्री वारंवार उठते, पाणी मागते किंवा थांबलेले शय्यामूत्र पुन्हा सुरू होते. अशा वेळी केवळ शय्यामूत्राचे औषध देऊ नये. औषधालयचालकांनीही देऊ नये. तृष्णा व कार्श्य यांची चौकशी करून त्याच दिवशी ग्लुकोमीटरने रक्तशर्करा पाहावी. लक्षणांसह ती २०० मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटर किंवा अधिक आढळल्यास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. टाइप १ मधुमेहात इन्सुलिन अनिवार्य आहे. त्यातील विलंब वा खंड प्राणघातक ठरू शकतो. आपली चिकित्सा इन्सुलिनच्या जोडीला असावी, त्याच्या जागी नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.