घरांत वारा कसा खेळवावा

कांद्याची चाळ बांधतांना आपला शेतकरी तिचा तळ जमिनीपासून उंच घेतो, तळाला व बाजूंना फटी ठेवितो, आणि तापलेली हवा वरून निघून जाईल अशी सोय करितो. कारण हवा कोंडली तर कांदा सडतो हें त्यास पक्कें ठाऊक असतें. तोच शेतकरी स्वतःचें घर बांधावयास निघाला म्हणजे मात्र या ज्ञानाचा त्यास विसर पडतो. चार भिंती, एक दार, एक लहानशी खिडकी आणि वर सिमेंटचे पत्रे एवढ्यावर तो काम भागवितो. आणि दिवसभर उन्हांत राबून आलेलीं माणसें रात्रीं त्या कोंडींत तळमळत पडतात. यंत्रावर पैसा घालण्यापूर्वीं वाऱ्याचा विचार कसा करावा, हें या पाठांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. उदाहरणादाखल आम्ही मुंबईचीं उपनगरें घेतों. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर हा सारा जुन्या साष्टीचा मुलूख. तेथें शेती आतां थोडीच उरली आहे; तरी गावठाणांतील जुनीं घरें व आरे-बोरिवलीच्या रानांतील वारल्यांचे पाडे यांपासून अद्याप पुष्कळ शिकण्यासारखें आहे.

या भागांतील उष्मा देशावरील उन्हाळ्याहून निराळा आहे. एप्रिल-मे महिन्यांत येथें दुपारचें उष्णमान सरासरीनें सुमारें ३३ अंश सेल्सिअस असतें. नागपुराकडे तें चाळिशी ओलांडतें. पण समुद्राच्या सान्निध्यामुळें येथील हवेंत बाष्प फार, म्हणून घाम वाळत नाहीं व जीव घाबरा होतो. याच कारणानें वऱ्हाड-नागपुराकडील वाळ्याची ओली ताटी येथें फारशी उपयोगी पडत नाहीं. मुळांतच दमट असलेल्या हवेंत ती आणखी ओल घालते. येथें खरें औषध म्हणजे वाहता वारा. मनुष्याची त्वचा साधारणपणें ३५ अंशांच्या आसपास उष्ण असते. बाहेरील हवा त्याहून थंड आहे तोंवर अंगावरून जाणारा वारा शरीराची उष्णता नेतो आणि घामही वाळवितो.

हा वारा येतो कोठून? उन्हाळ्यांत जमीन तापली कीं दुपारच्या सुमारास समुद्रावरून पश्चिमेचा व वायव्येचा वारा सुटतो. रात्रीं जमीन निवाली म्हणजे तो मंदावतो. अंधेरी-बोरिवलीची पश्चिम बाजू त्यास आधीं सांपडते. मुलुंड बोरिवलीच्या डोंगरापलीकडे, पूर्व पायथ्याशीं आहे. तेथें वारा उशिरां व मंद पोहोंचतो, म्हणून तेथील घरांत त्याची वाट अधिकच जपली पाहिजे.

आतां अडचण अशी कीं, ज्या पश्चिमेकडून वारा येतो तिकडूनच तिसऱ्या प्रहराचें कडक ऊनही येतें. खिडकी ठेवावी तर ऊन, बुजवावी तर उकाडा! आपल्या वाडवडिलांनीं हा पेंच पडवीनें सोडविला होता. उतरत्या छपराखालची उघडी पडवी उन्हास बाहेर अडविते व वाऱ्यास आंत सोडते. परंतु कुटुंब वाढलें कीं पहिला घाला पडतो तो या पडवीवरच. तिला भिंत घालून खोली करितात. एक खोली मिळते, पण मागील साऱ्या घराचा वारा जातो. खोली हवीच असेल तर ती उत्तरेच्या किंवा दक्षिणेच्या अंगास काढावी, म्हणजे वाऱ्याची वाट मोकळी राहील. पडवी मुळींच नसेल तर पश्चिमेच्या खिडकीवर झावळ्यांचा उतरता झाप बांधावा.

दुसरी गोष्ट निर्गमाची. पाटाचें पाणी पुढें जाण्यास वाट नसली तर तें तुंबतें. वाऱ्याचेंही तसेंच आहे. पश्चिमेस एक खिडकी असेल तर समोरच्या पूर्वेच्या भिंतींत तेवढीच दुसरी पाहिजे, व मधल्या भिंतींतील दार त्यांच्या रांगेंत पाहिजे. राष्ट्रीय इमारत संहितेनें (२०१६) दमट-उष्ण प्रदेशांत, दारें वगळून, खिडक्या-झरोक्यांचें क्षेत्र जमिनीच्या क्षेत्राच्या एकषष्ठांशाहून कमी नसावें असें सांगितलें आहे. म्हणजे १२ फूट लांब व १० फूट रुंद खोलीस २० चौरस फूट; चार फूट बाय अडीच फुटांच्या दोन खिडक्या समोरासमोर घेतल्या कीं हिशेब जमतो. डांसांसाठीं जाळी अवश्य लावावी. मात्र ती वारा कांहींसा अडविते, म्हणून वरचेवर धुवावी.

तिसरी गोष्ट छपराची. तापलेली हवा वर चढते व पत्र्याखालीं सांचते. पत्र्याच्या खालीं वीत-दोन वीत पोकळी सोडून बांबूच्या चटईचें आढें-आच्छादन करावें, आणि दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत जाळीचे झरोके ठेवावे. पावसासाठीं त्यांवर लहान पाखें काढावें. मंगळुरी कौलांच्या सांध्यांतून हवा आपोआप निसटते, हा त्यांचा गुण पत्र्यांत नाहीं. वारल्यांच्या घराची कारवीच्या कुडाची भिंत पातळ असल्यानें उष्णता सांठवीत नाहीं व रात्रीं लवकर निवते. विटा-सिमेंटची भिंत मध्यरात्रीपर्यंत ऊब सोडीत राहते. म्हणून अशा घरांत सायंकाळपासून सकाळपर्यंत खिडक्या उघड्या ठेवणें अत्यंत जरूर आहे. फाल्गुन-चैत्रांत कधीं पूर्वेचा कोरडा वारा दुपारपर्यंत टिकतो व समुद्राचा वारा उशिरां येतो. २८ मार्च १९५६ रोजीं सांताक्रूझ येथें उष्णमान ४१.७ अंशांवर गेलें होतें. अशा दिवशीं मात्र समुद्राचा वारा सुटेपर्यंत खिडक्या लावून घ्याव्या.

चौथी गोष्ट शेजारधर्माची. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, तेव्हां चाळींतील अंधाऱ्या, कोंदट खोल्यांकडे सरकारचें लक्ष वेधलें व १८९८ सालीं सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनीं साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा पुरस्कार केला. त्याचा व्यवहारी अर्थ असा कीं, इमारतीच्या उंचीच्या निम्मी तरी जागा समोर मोकळी असावी. प्लेग उंदरांवरील पिसवांमुळें पसरतो हें पुढें सिद्ध झालें, तरी उजेड व हवा यांविषयींच्या या नियमाचें मोल कमी होत नाहीं. गावठाणांतील बोळांत वीस फूट उंच घर उठविणारानें दहा फुटांचा विचार करावा. एरवीं त्याचा मजला चढतो आणि शेजाऱ्याचा वारा बंद होतो.

शेवटीं एक सोपी परीक्षा सांगतों. दुपारीं वारा सुटल्यावर पश्चिमेच्या खिडकीपाशीं उदबत्ती लावावी व धूर कोठें जातो हें मुलांस पाहावयास सांगावें. तो सरळ पलीकडे गेला तर घर ठीक आहे. कोपऱ्यांत घुटमळला तर तेथें झरोका हवा. यंदा पावसाळ्यापूर्वींच्या डागडुजींत ज्यांचा पडवी बुजविण्याचा बेत असेल, त्यांनीं गवंड्यास बोलावण्याआधीं एवढी परीक्षा अवश्य करून पाहावी, अशी आमची विनंति आहे.