तडकलेल्या चिंचेचा वाडगा

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात आमच्या परड्यातली जुनी चिंच वादळात उन्मळून पडली. ओंडके करून पडवीत रचून ठेवले. दिवाळीपर्यंत एकूणएक ओंडक्याला गाभ्यापासून सालीपर्यंत तडा गेला. गावातले सुतार म्हणतात, आता चुलीतच घाला. परदेशात मात्र तडे गेलेल्या लाकडाचे वाडगे मुद्दाम करतात, असं ऐकलं. यातलं खरं काय? आणि मुळात लाकूड असं फाटतंच का?
— एक वाचक, देवरुख

उत्तर : सुतार त्यांच्या जागी बरोबर आहेत. त्यांना लांब, सरळ फळी हवी असते आणि तुमच्या ओंडक्यांतून ती आता निघणार नाही. वाडग्याचं तसं नाही. त्याला वीत-दीड वीत निकोप जागा पुरते. तेव्हा चुलीची घाई नको.

आधी तडा का जातो ते पाहू, कारण पुढचा सगळा उपाय त्यावरच बेतलेला आहे. ओल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं : पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतीत. पोकळीतलं पाणी आधी उडतं. त्याने लाकूड हलकं होतं, पण आकसत नाही. ओलावा कोरड्या लाकडाच्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांखाली उतरला की भिंतींमधलं पाणी सुटायला लागतं आणि खरी ओढाताण सुरू होते. कारण लाकूड सगळीकडून सारखं आकसत नाही. खोडाच्या उंचीच्या दिशेने ते जवळपास आकसतच नाही. गाभ्याकडून सालीकडे थोडं आकसतं आणि वलयांच्या कडेने, म्हणजे घेराच्या दिशेने, त्याच्या दुप्पट किंवा त्याहूनही थोडं जास्त. सागवान हे या बाबतीत बरंच समजूतदार लाकूड, पण पूर्ण शुष्क होईपर्यंत तेही त्रिज्येत सुमारे २.५ टक्के आणि घेरात सुमारे ५.८ टक्के आकसतं.

आता हिशेब करा. ३० सेंटिमीटर व्यासाच्या सागाच्या ओंडक्याचा घेर ९४ सेंटिमीटर. वलयांना साडेपाच सेंटिमीटर आखडायचं असतं, पण त्रिज्या जेवढी घटली तेवढ्यावर घेर जेमतेम अडीचच सेंटिमीटर घटायला हवा. उरलेल्या तीन सेंटिमीटरची तजवीज ओंडका एका बाजूने फाटून करतो. हवेत ठेवलेलं लाकूड पूर्ण शुष्क कधीच होत नाही, म्हणून प्रत्यक्षात फट याहून कमी पडते. पण पडते. गाभा आत शाबूत आणि भोवती अख्खी वलयं, असा गोल ओंडका ठेवला की तडा ठरलेलाच. त्यात कापलेल्या तोंडांमधून पाणी बाजूंपेक्षा कैक पटींनी लवकर उडतं, म्हणून सुरुवात तिथून होते. झाड पडल्या पडल्या ओंडके गाभ्यातून उभे चिरले असते आणि तोंडांना मेण, नाहीतर घरातला उरलासुरला ऑइलपेंट फासला असता, तर बरंचसं लाकूड वाचलं असतं. पुढच्या वेळी एवढं करा.

आता जे हाताशी आहे त्याचं काय? ओंडक्याच्या दोन्ही तोंडांकडचा चार-चार बोटं भाग कापून टाका. तोंडाच्या बारीक चिरा बहुतेक त्यातच जातात. मग ताज्या छेदाकडे नीट बघा. गाभ्यातून सालीकडे एकच मोठा तडा गेला असेल तर तो शत्रू नाही. करवत त्याच तड्यातून उभी घाला आणि तशीच गाभ्यातून पलीकडे काढा. तडा करवतीच्या वाटेत संपतो आणि हातात दोन अर्धे ओंडके येतात. प्रत्येकातून गाभ्याचा दोन बोटं पट्टा काढून टाका, कारण गाभा आत ठेवून केलेला वाडगा पुढेमागे तिथेच उलतो. गाभ्याभोवती चांदणीसारख्या चिरा असतील तर पट्टा थोडा रुंद घ्या. मात्र दोन वलयं एकमेकांपासून सुटून गोल फट पडली असेल, तर तो तुकडा खरंच चुलीचा. असा तुकडा लेथवर फिरता फिरता अख्खी कड सोडून देतो.

हा इशारा हसण्यावारी नेऊ नका. २५ सेंटिमीटरचा वाडगा मिनिटाला ८०० फेऱ्यांनी फिरत असला, तर त्याच्या काठाचा वेग ताशी ३८ किलोमीटरच्या घरात जातो. त्यातून निघालेली ढलपी नव्हे, पाव किलोचा तुकडा असतो तो. तोंडावर पूर्ण काच हवी, डोळ्यांपुरता चष्मा पुरत नाही. लेथ चालू करताना काठाच्या रेषेत उभं राहायचं नाही, आणि तड्याच्या लाकडाला वेग नेहमीपेक्षा कमीच द्यायचा.

पलंगाचे खांब, सोफ्याचे पाय कातणारे कारागीर तुमच्या जवळपास असतीलच, पण वाडगा हे त्यांचं रोजचं काम नाही, हे लक्षात घ्या. खांब कातताना लाकडाचे तंतू फिरण्याच्या अक्षाला समांतर असतात. वाडग्यात ते आडवे येतात, त्यामुळे प्रत्येक फेरीत पटाशीला दोनदा तंतूंची तोंडं भेटतात. तिथे धार बोथट असली तर लाकूड कापलं जात नाही, उपटलं जातं. चिंचेत तर तंतू एकमेकांत अडकलेले असतात. कुऱ्हाडीने चिंच फोडून पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. पण हाच हट्टीपणा वाडग्याच्या पथ्यावर पडतो. असं लाकूड सरळ रेषेत सहजासहजी दुभंगत नाही.

सहा महिन्यांत एवढे जाड ओंडके आतून वाळलेले नसणार. म्हणून काम दोन टप्प्यांत करा. पहिल्यांदा वाडगा ओबडधोबड कातून घ्या, भिंत व्यासाच्या एक दशांश जाड ठेवून. म्हणजे ३० सेंटिमीटरच्या वाडग्याला ३ सेंटिमीटर. तो त्याच्याच भुशासकट कागदी पिशवीत घालून सावलीत ठेवा आणि अधूनमधून वजन करा. वजन उतरायचं थांबलं की तो वाळला. याला काही महिने लागतात. तोवर तो लंबगोल झालेला असेल, कारण तंतूंच्या दिशेने तो आहे तेवढाच राहतो आणि आडवा आकसतो. जाड भिंत ठेवली ती यासाठीच, पुन्हा कातून गोल करायला. दुसऱ्यांदा लेथवर चढवण्याआधी बाजारात मडकं वाजवून घेतात तसा तो बोटाच्या पेराने वाजवा. बद्द आवाज आला तर कुठेतरी लपलेली चीर आहे, ती शोधा.

परदेशातल्या वाडग्यांबद्दल तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. अमेरिकेत मेल्विन लिंडक्विस्ट आणि त्यांचा मुलगा मार्क यांनी १९७०च्या सुमारास बुरशीने रेघाळलेल्या, गाठींच्या, सालीसकट लाकडाची पात्रं कातून दाखवली. तोवर असलं लाकूड बहुतेक टाकाऊच मानलं जाई. बुरशीच्या वेगवेगळ्या वसाहती लाकडात आपापल्या हद्दी आखतात, त्या काळ्या रेघा आता हौशी लोक मुद्दाम शोधत फिरतात. तुमची चिंच पावसात जमिनीवर पडून राहिली असेल तर तिच्या पांढऱ्या भागात त्या तुम्हालाही सापडतील. फक्त अशा लाकडाची धूळ छातीला वाईट. साधा रुमाल बांधून कातायला बसू नका.

तड्याला सन्मानाने वागवण्यात जॉर्ज नाकाशिमा यांचा हात धरणारा कोणी नाही. ते वाडगेवाले नव्हेत, टेबलं करणारे. रुंद फळीतला तडा ते तसाच उघडा ठेवत आणि तो पुढे सरकू नये म्हणून त्यावर डमरूच्या आकाराचा लाकडी तुकडा आडवा बसवत. हे जपानी वंशाचे अमेरिकन गृहस्थ तरुणपणी पुदुच्चेरीत होते. अरविंद आश्रमाच्या ‘गोलकोंड’ या वसतिगृहाच्या बांधकामावर देखरेख करायला १९३७ मध्ये आले आणि तिथे त्यांना सुंदरानंद हे नाव मिळालं. जाड भिंतीच्या वाडग्यालाही ही युक्ती चालते. पातळ भिंतीत मात्र तुकडा बसायला जागाच उरत नाही.

फट भरायचीच असेल तर केसाएवढ्या चिरेला फेविक्विक आणि त्याच लाकडाची बारीक पूड पुरते. त्याहून मोठीला लाख वितळवून भरा. सावंतवाडी आणि चन्नपट्टणचे कारागीर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून घर्षणाच्या उष्णतेनेच रंग चढवतात, म्हणजे लाख आणि लाकूड यांचं जमतं हे आपल्याकडे सिद्ध झालेलंच आहे. काळी लाख चिंचेच्या जांभळट नारेला, म्हणजे आतल्या गडद लाकडाला, शोभूनही दिसते. बोटभर रुंद फटीत निळं इपॉक्सी ओतून ‘नदी’ करायची सध्या फॅशन आहे. मला ती पटत नाही. उद्या लाकूड हवेप्रमाणे हलेल, इपॉक्सी हलणार नाही, आणि सांधा त्यांच्या भांडणात सुटेल. बोटभर फट असेल तर आकार बदला आणि लहान वाडगा करा.

आणखी एक. देवरुखच्या पावसाळ्यात लाकडातला ओलावा अठरा-वीस टक्क्यांवर स्थिरावतो, नागपूरच्या मे महिन्यात तो पाच-सहापर्यंत उतरू शकतो. हा वाडगा तिकडच्या कुणाला भेट द्यायचा बेत असेल तर शेवटचं कातकाम पावसात करू नका. मार्च-एप्रिलमध्ये करा.

प्रश्न : अशा वाडग्यात आमटी वाढता येते का? आणि आतून तेल कोणतं लावावं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आमटी नको. गरम पातळ पदार्थाने लाख मऊ पडते आणि बुजवलेल्या चिरेत खरकटं शिरून बसतं. फळं, सुकामेवा, फार तर कोशिंबीर. शेंगदाण्याचं तेल लावू नका, ते वाळत नाही आणि खवट होतं. कच्चं जवसाचं तेल पातळ हाताने चोळा, जास्तीचं लगेच पुसा आणि आठवडाभर वाळू द्या. असे तीन-चार हात. तेलाचे फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. पसरून वाळवा, मग टाका. धुण्याची रीत काठवटीचीच : पाण्यात बुडवून ठेवायचं नाही, धुतल्याबरोबर पुसायचं आणि उन्हात न ठेवता सावलीत वाळवायचं.