भरतकामास नमुना कोठून घ्यावा?

भरतकाम शिकू लागलेली मुलगी पहिला प्रश्न विचारते तो हाच, की नमुना कोठून आणावा? बहुधा तिच्या हाती छापील नमुन्यांचा कागद दिला जातो. त्यावरील विलायती गुलाब ती कापडावर उतरविते आणि सांगितलेल्या रंगांनी भरते. टाके शिकावयास या कागदाचा उपयोग आहे, हे खरे. परंतु तोच गुलाब यंत्र शेकडो कापडांवर बिनचूक काढीत असते. सारखेपणात हाताने यंत्राची बरोबरी करू जाणे व्यर्थ होय. हाताच्या कामात करणारीची नजर दिसली, तरच त्या कामाचे मोल होते. यास्तव आज छापील कागद बाजूस ठेवून दारच्या झाडाकडून धडा घेऊ.

पहिली गोष्ट पाहण्याची. पान काढा असे म्हटले, तर पुष्कळ जणी टोकदार असा एकच आकार काढतात, आणि तो धड कोणत्याच झाडाचा नसतो. जास्वंदीची डहाळी हाती घ्या. एका पेऱ्यावर एकच पान असते. तुळशीची पाने समोरासमोर जोडीने येतात, आणि वरची जोडी खालच्या जोडीशी काटकोन करून बसते. कण्हेरीच्या एकेका पेऱ्यावर बहुधा तीन-तीन पाने असतात. कडुनिंबाच्या लहान पानाच्या मधल्या शिरेच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात. म्हणून ते कोयत्यासारखे वाकलेले दिसते. मोहरीच्या फुलास चार पाकळ्या असतात. तगरीच्या एकेरी फुलास पाच असतात, व त्या भिरभिऱ्याप्रमाणे एकाच अंगास वळलेल्या असतात. दांडीवर पान कोठे व कसे बसते हे एकदा ध्यानात आले, म्हणजे वेल कापडावर काढली तरी ती वाढत असल्यासारखी दिसते.

दुसरी गोष्ट निवडण्याची. झाडावर जे जे दिसते ते सर्व सुईने काढू गेल्यास कापड गजबजून जाते. जी खूण वगळली असता वस्तू ओळखू येणार नाही, तेवढी ठेवावी, बाकीची सोडावी. डाळिंबच पाहा. त्याचा गोल आकार इतर फळांसही असतो. पण टोकावरचा दातेरी मुकुट काढला, की लहान मूलही त्याचे नाव सांगते. हे फळ कारागिरांच्या हाती फार प्राचीन काळापासून आहे. महायाजकाच्या झग्याच्या घेरास निळ्या, जांभळ्या व किरमिजी सुताची डाळिंबे करावी, असे निर्गमाच्या २८ व्या अध्यायात सांगितले आहे. त्यांत एकही रंग खऱ्या डाळिंबाची हुबेहूब नक्कल करण्यासाठी घेतलेला दिसत नाही, तरी ती डाळिंबेच होत.

तिसरी गोष्ट कापडाचे ऐकण्याची. धारवाडकडील कसुतीचे काम याचा उत्तम दाखला आहे. आपल्याकडे पुष्कळ घरी परिचयाच्या असलेल्या इरकली लुगड्यावर ते केले जाते. जुन्या पद्धतीत कापडावर आधी चित्र रेखाटीत नाहीत; कापडाचे धागे मोजून टाका घालतात. त्यामुळे पोपटाची गोलाई पायऱ्यापायऱ्यांनी उतरते, आणि मोर व हत्ती सरळ व तिरप्या रेषांत बसतात. गवंती टाका गेल्या वाटेनेच परत येऊन रिकाम्या जागा भरतो, म्हणून काम दोन्ही अंगांनी सारखे दिसते. फुलीच्या टाक्यास तेथे मेंथी म्हणतात. हे नाव मेथीवरून आले आहे. म्हणजे नमुनाच काय, टाक्याचे नावही त्या स्त्रियांनी शेतातून उचलले!

आपणही टाका निवडताना वस्तूचा गुण पाहावा. वेलीच्या दांडीस सलग दांडीचा टाका, बाभळीच्या गोंडेदार फुलास गाठीचे टाके, कण्हेरीच्या लांबट पानास शिरेकडे तिरपे जाणारे भरीव टाके शोभतात. रंगाविषयीही झाडासच विचारावे. सर्व पाने हिरवी असा आपला समज असतो; पण आंब्याची कोवळी पालवी तांबूस असते, आणि पुष्कळ पानांची खालची बाजू वरच्यापेक्षा फिकी असते. एका डहाळीस तीन छटांचे दोरे पुरेत.

या आठवड्याचा अभ्यास असा: आपल्या दाराजवळच्या एकाच झाडाची डहाळी पाण्यात ठेवावी. पेऱ्यावरची पाने आणि फुलाच्या पाकळ्या मोजाव्या. मग पाटीवर ती पाच-सात रेघांत काढावी. ओळखू येईपर्यंत पुसून पुन्हा काढावी, आणि नंतरच सुई हाती घ्यावी. शेजारणीने विचारल्यावाचून झाडाचे नाव सांगितले, तर धडा आला असे समजावे.

पहिले काम कदाचित छापील गुलाबाइतके नीटस होणार नाही. परंतु ते दुसऱ्या कोणाच्याही घरी सापडावयाचे नाही. आणि ज्या मुलीने एक पान नीट पाहिले, तिला पुढे नमुन्यांची वाण कधी पडत नाही.